पत्र्यानं झेललेलं ऊन

छपरंही बोलायची, तेव्हाची ही गोष्ट. सुगंधाबाई घरी शिवणकाम करायच्या. त्यांच्या घरावरच्या जुन्या पत्र्यावर एके दिवशी सोलर पॅनेल येऊन बसलं. पत्र्याला राहवेना.

"काय हो पाहुणे, तुमच्यावर ओतलेले पैसे वसूल कधी होणार?"

"पाच-सहा वर्षं तरी जातील, आजोबा."

"अबब! मी तीस वर्षं ऊन झेलतोय, तेही फुकटात!"

"मग एवढ्या उन्हाचं केलंत काय?" पॅनेलनं कुतूहलानं विचारलं.

तेवढ्यात खाली पॅनेलच्या विजेवर नवा पंखा घरघरला. सुगंधाबाई शेजारणीला सांगत होत्या, "भर दुपारी मशीनवर बसवतंय बाई आज! एरवी बारा वाजले की पत्रा असा तापायचा, शिवण टाकून कडुनिंबाखाली पळायचे मी."

पत्रा तीस वर्षांतल्या दुपारी मोजू लागला.