पानाची डावी बाजू

एका राज्यात अशी रीत होती, की पंगतीतल्या शेवटच्या पानात डावीकडे चटणी वाढून होईपर्यंत राजानेही घास उचलायचा नाही. राजा धवलकेतू तसा साध्या वरणभातावर खूश असे. पण पानाच्या डाव्या बाजूला काहीतरी चटकदार हवंच, आणि ते वाटायचं मुदपाकखान्यातल्या आवडाईनेच. आवडाईच्या हाताला चव होती. हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं.

एकदा सणाच्या पंगतीत टोकाला एक अनोळखी म्हातारा येऊन बसला. आवडाईच्या वाडग्यात एकाच पानापुरती चटणी उरली होती. लेक केतकीला ती फार आवडे, म्हणून आवडाईने वाडगा पदराआड केला आणि सगळ्यांना पोचली म्हणून सांगितलं. राजाने घास उचलला. म्हातारा उठून उभा राहिला. तो मांत्रिक होता.

"माझी डावी बाजू रिकामी राहिली," तो म्हणाला. "आता तुमची राहील."

त्या दिवसापासून पानात डावीकडे वाढलेलं वाढताक्षणी नाहीसं होई, आणि जेवणाऱ्यांचा डावा हात बोटांपासून दगड होत जाई. केतकीने तर ती लपवलेली चटणी खाल्ली होती, त्यामुळे तिचा दगड सगळ्यांत वेगाने चढला. कोपर गेलं, खांदा गेला. पुढे काळीज होतं. आवडाई लेकीच्या छातीला कान लावून बसे. आपल्याच हाताने पोरीचा घात केला, एवढंच तिच्या मनात फिरत राही.

मग खिडकीत एक साळुंकी आली आणि बोलली, "आवडाई, तीन डोंगरांपलीकडे तो पान मांडून बसलाय. त्याची डावी बाजू भर. परवाची दुपार टळायच्या आत."

आवडाईने डोक्यावर पाटा घेतला, काखेत वरवंटा घेतला, पदरात जिन्नस बांधले आणि निघाली.

मांत्रिकाच्या अंगणात भर उन्हातही कशाचीच सावली पडत नव्हती. त्याच्या शेजारी दगडी माणसांची लांबच लांब पंगत बसली होती. आधी विनवण्या करायला आलेले ते लोक. त्यांचे डोळे तेवढे हलत होते, आणि ते सगळे आवडाईकडे वळले.

"तिखट वाढ," मांत्रिक म्हणाला.

तिने लवंगी मिरची आणि लसूण वाटून ठेचा वाढला. मांत्रिकाने बोट बुडवून चाटलं. ठसका मात्र त्या दगडी पंगतीला लागला.

"आंबट वाढ."

तिने चिंच कोळली, गूळ घातला आणि चटणी वाढली. दगडी तोंडांतून पाणी ठिबकू लागलं. मांत्रिकाचे ओठ कोरडेच होते.

"आता चव वाढ," तो म्हणाला. "मला मरून शंभर वर्षं झाली, बाई. जिभेला काही कळत नाही. तुझ्या जिभेची चव दे."

"परत मिळेल, महाराज?"

"नाही."

आवडाईला रडू कोसळलं. चव गेल्यावर मुदपाकखान्यात तिला कोण विचारणार होतं? पण दुपार टळत चालली होती.

"त्या दिवशी मी तुमचं पान चुकवलं," ती म्हणाली. "घ्या."

त्याने आपलं थंड बोट तिच्या जिभेवर टेकवलं. मग पानातलं सगळं सावकाश, डोळे मिटून खाल्लं. "छान झालंय," असं म्हणाला आणि जागच्या जागी विरून गेला. पंगतीतली माणसं आळस देत उठली आणि हात धुवायला पाणी मागू लागली.

आवडाई धावत घरी आली. केतकीचा हात ऊबदार झाला होता. राजवाड्यात पानं डावीकडून पुन्हा भरू लागली, आणि राजाही रीतीप्रमाणे शेवटच्या पानाची वाट पाहू लागला.

दुसऱ्या दिवशी आवडाईने खोबऱ्याची चटणी वाटली आणि जिभेवर ठेवली. माती ठेवल्यासारखं वाटलं. मग तिने केतकीला हाक मारली आणि तिच्या तळहातावर थोडी चटणी ठेवली.

केतकीने चाटून पाहिली. "आई, मीठ कमी आहे."

आजवर कुणाची छाती नव्हती आवडाईला असं सांगायची. तिने मिठाचा सट लेकीपुढे सरकवला.

"तूच घाल," ती म्हणाली.