न तापणारी गाडी

एकदा एक व्यापारी आपली जुनी डिझेल गाडी घेऊन घाटाखालच्या एका वृद्ध वस्तादाच्या गॅरेजमध्ये आला. त्या काळी अशा गाड्यांना मान होता. पहाटे किल्ली अर्धी फिरवायची, समोरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं, मग इंजिन खोकत खोकत जागं व्हायचं आणि अख्ख्या आळीला कळायचं की शेठ बाजाराला निघाले. हल्लीच्या गाड्या मुकाट सुरू होतात. तो खोकला आठवला की अजून बरं वाटतं.

या गाडीचा खोकला मात्र थांबतच नव्हता. कोसभर धावून आली तरी मागून पांढरट धूर सुटायचा, इतका की सायकलवाले शिव्या घालत बाजूला व्हायचे.

व्यापाऱ्याबरोबर त्याची मुलगी वृंदा होती. ती जनावरांची डॉक्टर झाली होती आणि घाटावरच्या तालुक्यात तिची नेमणूक झाली होती. सोमवारी हजर व्हायचं होतं, आणि तिथल्या वाड्यावस्त्या फिरायला ही गाडी हवी होती.

"वस्ताद, स्पष्ट सांगा. गाडी संपली ना?" व्यापारी म्हणाला. "संपली असेल तर भंगारात घालतो. मग हिनं इथंच, माझ्या दुकानाशेजारी दवाखाना काढावा."

"बाबा, गाडीच्या आडून बोलू नका," वृंदा म्हणाली. "मला पाठवायचं नाही, असं सरळ म्हणा."

वडीलधाऱ्यांना ही वाईट खोड असते. नकार त्यांना स्वतःच्या तोंडानं द्यायचा नसतो. तो डॉक्टरकडून, ज्योतिषाकडून, नाहीतर मिस्त्रीकडून वदवून घेतात आणि आपण नामानिराळे राहतात.

वस्तादाच्या तरुण शिष्यानं लांबूनच धूर पाहिला आणि निकाल दिला, "पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन उघडावं लागणार."

व्यापाऱ्याचा चेहरा खुलला.

"रिंगा गेल्या की ऑइल जळतं आणि धूर निळसर येतो," वस्ताद शांतपणे म्हणाला. "हा पांढरा आहे. जवळ जाऊन हुंगलास का? की नाक आज घरीच ठेवलंयस?"

शिष्य सायलेन्सरमागे वाकला आणि डोळे चोळत मागे सरला. "कच्च्या डिझेलचा वास येतोय. डोळे झोंबले, वस्ताद."

"म्हणजे आत गेलेलं डिझेल पुरतं जळत नाही. शेठ, तापमानाचा काटा कुठवर चढतो?"

"जागचा हलत नाही!" व्यापारी अभिमानानं म्हणाला. "कित्येक वर्षांत एकदा तापली नाही. एवढी थंड गाडी तालुक्यात दाखवा."

वस्तादानं कोपऱ्यातलं एक पुठ्ठ्याचं खोकं फाडलं आणि तो पुठ्ठा रेडिएटरच्या पुढं, जाळीत, घट्ट बसवला.

"अहो, हे काय? वारा कोंडला! फुटेल गाडी!" व्यापारी ओरडला.

"वस्ताद, खरंच तापेल," शिष्यही कुजबुजला.

"तापू दे. पोरी, नदीच्या पुलापर्यंत जाऊन ये. काट्यावर लक्ष ठेव. मध्याच्या वर जायला लागला तर जागीच बंद कर."

वृंदा परतली तेव्हा काटा मध्यावर होता आणि गाडीच्या मागची हवा स्वच्छ होती. व्यापारी दोनदा मागे जाऊन बघून आला.

इंजिन निवल्यावर वस्तादानं शिष्याला वरच्या पाण्याच्या पाइपाचं तोंड उघडायला लावलं.

"इथं तर थर्मोस्टॅटच नाही," शिष्य म्हणाला. "नुसती रिकामी जागा आहे."

"मीच काढायला लावला," व्यापारी म्हणाला. त्यानं उजवी बाही वर सरकवली. मनगटावर भाजल्याचा जुना व्रण होता. "वृंदा लहान होती. घाटात, देवीच्या वळणावर गाडी तापली. मी रेडिएटरचं झाकण उघडायला गेलो आणि उकळतं पाणी हातावर उडालं. हिच्या आईनं लुगड्याचा पदर भिजवून हाताला गुंडाळला. वर पोचल्यावर मिस्त्रीला म्हटलं, जे अडकलं असेल ते काढून फेक. पुन्हा माझी गाडी तापता कामा नये."

वस्ताद स्टुलावर बसला. "शेठ, थर्मोस्टॅट म्हणजे पाण्याच्या वाटेवरचं दार. इंजिन गार असतं तोवर ते मिटलेलं राहतं, उष्णता पुरेशी झाली की आपोआप उघडतं. तुमचं दार त्या दिवशी अडकलं, ते बदलायला हवं होतं. तुम्ही दारच काढून टाकलंत. डिझेलला ठिणगी नसते, ते उष्णतेनं पेटतं. गार इंजिनात ते अर्धवट जळतं आणि उरलेलं धूर होऊन बाहेर पडतं. तुम्ही त्या धुरालाच गाडीचं म्हातारपण समजलात. चटका तुमच्या हाताला बसला, आणि इतकी वर्षं थंडीची शिक्षा भोगली गाडीनं."

व्यापारी वृंदाकडे बघत राहिला. तिनं त्याची बाही हळूच खाली ओढली.

शिष्यानं नवा थर्मोस्टॅट बसवला, पुठ्ठा काढून टाकला. सोमवारी सकाळी चढावर गाडी पारखायला वस्ताद आणि शिष्यही बरोबर आले, आणि चौघे घाटात निघाले. गाडी वृंदा चालवत होती. देवीच्या वळणावर काटा चढू लागला, तसा मागे बसलेल्या व्यापाऱ्यानं पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली.

"थांबव! वृंदे, थांबव, तापली!"

"तापू दे, बाबा," ती म्हणाली आणि तिनं गिअर बदलला.

काटा मध्यावर येऊन थांबला. चढ संपेपर्यंत तो तिथून हलला नाही.

माथ्यावर चहाच्या टपरीपाशी सगळे उतरले. वृंदानं चहा संपवला आणि मागचं दार उघडून धरलं, पण व्यापारी बसला नाही.

"तू हो पुढं. आम्ही एसटीनं उतरतो," तो म्हणाला. "आणि उतारावर न्यूट्रल करू नकोस, गिअरमध्येच ठेव."

वृंदा वाकून त्याच्या पाया पडली आणि निघाली. पठारावरच्या वळणाआड गाडी दिसेनाशी झाली, आवाजही विरला, तरी व्यापारी कपाळावर आडवा हात धरून तिकडेच बघत उभा होता.

"वस्ताद, गाडी तर केव्हाच गेली," शिष्य हळूच म्हणाला. "शेठ काय बघतायत?"

"धूर शोधतायत," वस्ताद म्हणाला. "शोधू दे."