करंगळीपर्यंतची गोष्ट

बालसाहित्याचा पुरस्कार घ्यायला वत्सलाताई खरवडे बार्शीच्या सभागृहात आल्या. अध्यक्षस्थानी होते जाडजूड ग्रंथांचे समीक्षक प्राध्यापक आगलावे. दोन तास बोलून झाल्यावर त्यांनी ताईंचं पुस्तक चिमटीत धरून हलवलं.

"सोळाच पानं! याला कसला पुरस्कार द्यायचा? पुढचं सुचलं नाही का, बाई?"

"सुचलं होतं की, सर. पण मी गोष्ट आधी बालवाडीत वाचते. 'शूला जाऊ?' म्हणत पहिली करंगळी जिथे वर होते, तिथून पुढचं सगळं खोडून टाकते."

"आमच्या भाषणात कुणी जागचं हललं का?"

ताई श्रोत्यांकडे वळल्या. "खरं सांगा, कुणाकुणाला जायचंय?"

आमदारांसकट अख्ख्या सभागृहाच्या करंगळ्या वर झाल्या. शेवटची करंगळी अध्यक्षांची होती. पुरस्कार ताईंच्या हातात कोंबून ते सगळ्यांच्या आधी पळाले.