खेकडीच्या बांधातली वाट

फार मागची गोष्ट. एका गोड्या तळ्यात एक वांब राहायची. सापासारखी लांबट, पण स्वभावाने गरीब मासळी. तिची पिल्लांची वेळ आली, आणि वांबांची पिल्लं समुद्रातच जन्मतात. तळ्याभोवती तर खेकडीचा बांध होता आणि बांधापलीकडे खाडी.

"खेकडीबाई, तुमच्या बिळातून पलीकडे जाऊ द्या," वांब म्हणाली.

"आणि खारं पाणी आत शिरलं म्हणजे? एवढं काय ठेवलंय गं समुद्रात? माझी पोरं बघ, पोटाशीच वाढतात."

तिच्या पोटाला बिलगलेली इवली पिल्लं वांब बघत राहिली. "नशिबाची आहेत. मी तिथं पोचले नाही, तर माझी जन्मणारच नाहीत."

मग खेकडीने नांगीने बीळ रुंद केलं. वांब खाडीत उतरली आणि खेकडीने मागून चिखल लिंपला.

पुढे एके दिवशी बांधापलीकडून बारीक आवाज आला, "मावशी, आईच्या तळ्याची वाट हीच का?"

सुतासारखी पिल्लं खाडीत ताटकळली होती.

"हीच रे बाळांनो. एकेक या. बांधाला धक्का लावाल तर खबरदार!"

शेवटचं पिल्लू आत आल्यावर तिने बीळ पुन्हा लिंपलं, पण या खेपेला चिखल सैलसरच ठेवला.