बगळ्याचे पिल्लू आणि उथळ पाणी

एका जंगलातल्या तळ्यात एक म्हातारे कासव राहत असे. त्याने आयुष्यभर पाण्याचा आणि उजेडाचा अभ्यास केला होता, आणि त्यामुळेच त्याला कशाची फारशी खात्री उरली नव्हती. तळ्यावरच्या बगळ्यांची पिल्ले त्याच्याकडे शिकायला येत. त्यांचा प्रश्न नेहमी एकच असे : "काका, मासा दिसतो तिथेच आम्ही चोच मारतो, तरी तो सापडत का नाही?"

गोष्ट ऐकणाऱ्या मुलांनो, प्रश्न चांगला आहे. पाण्यातून बाहेर येताना उजेडाची वाट वाकते, म्हणून मासा असतो त्याहून वर दिसतो. निदान मला तरी असेच समजले आहे. तुम्ही पेल्यातल्या पाण्यात पेन्सिल तिरकी बुडवून पाहा. नुसता माझ्यावर विश्वास ठेवू नका.

कासव तर एवढेही सांगत नसे. ते पाण्यात बुडी मारून बसे आणि पिल्लांना आपल्या पाठीवर चोच मारायला लावी. बहुतेक वेळा चोच पाठीवरून पुढे निसटून जाई. कधीतरी 'टक्' असा आवाज येई. मग ते डोके वर काढून विचारी, "आता नेम कुठे धरला होतास? आणि मघाशी का चुकला?"

एका पिल्लाच्या आईला हे मुळीच पटेना. "अहो काका, पोरगं कधीपासून तुमची पाठ ठोकतंय! मासा कधी धरणार? सरळ उत्तर सांगून टाका की!"

"सांगितलं असतं हो," कासव अवघडून म्हणाले, "पण कुठल्या पाण्याचं सांगू?"

"झालं! म्हणजे यांनाच येत नाही," ती म्हणाली आणि पिल्लाला घेऊन निघाली.

जवळच्या जांभळीवर एका कावळ्याने नवी शिकवणी काढली होती. त्याने पाण्यात कधी नखही बुडवले नव्हते, पण आवाज मोठा होता. "प्रश्न पुरता विचारूही नका, उत्तर तयार आहे!" तो ओरडे. "मासा दिसतो त्याच्या एक चोच, म्हणजे चोचीच्या लांबीएवढे, खाली मारा. का, कसे, ते विचारायचे नाही. पाठ करा!" पिल्ले ओळीने उभी राहून घोकू लागली, "एक चोच खाली! एक चोच खाली!" तळे तेव्हा काठोकाठ भरलेले होते. खोल पाण्यात हा नेम बरोबर लागे, आणि मासा सापडे. "याला म्हणतात शिकवणं!" पिल्लाची आई म्हणाली. कासवाची शिकवणी ओस पडली. "कदाचित कावळ्याचंच बरोबर असेल," असे म्हणून ते बिचारे खोल पाण्यात जाऊन पुन्हा अभ्यासाला लागले.

पुढे उन्हाळा आला आणि तळे आटू लागले. थव्याने दूरच्या मोठ्या नदीवर जायचे ठरवले. बगळ्यांची एक रीत होती. निघण्याआधी प्रत्येक पिल्लाने थोरल्या बगळ्यासमोर स्वतःचा मासा धरून दाखवायचा. न जमल्यास त्याने मागे राहायचे, कारण वाटेत कोणी कोणाला भरवू शकत नसे. आणि आटणाऱ्या तळ्यावर मागे राहणे म्हणजे काय, हे सगळ्यांनाच ठाऊक होते.

परीक्षेचा दिवस उजाडला. काठाशी पाणी आता जेमतेम घोट्याएवढे उरले होते. आपले पिल्लू पुढे आले, त्याने एक चोच खाली नेम धरला आणि जोरात मारली. चोच थेट चिखलात रुतली. मासा हसत हसत निघून गेला, असे म्हणतात. मी पाहिलेले नाही. पिल्लामागून दुसरे आले, मग तिसरे. थोड्या वेळाने सगळा वर्ग चोची चिखलात आणि शेपट्या आभाळाकडे करून उभा होता.

"कावळेसर!" आई किंचाळली. "हे काय झालं?"

कावळ्याने मान तिरकी केली. "उथळ पाणी? ते अभ्यासक्रमात नव्हतं," तो म्हणाला.

"संध्याकाळपर्यंत वेळ आहे," थोरला बगळा गंभीरपणे म्हणाला. "संध्याकाळी आम्ही निघणार."

पिल्लाने चोच उपसून काढली आणि ते रडकुंडीला येऊन कासवाकडे धावले. "काका, लवकर उत्तर सांगा! मला मागे ठेवतील. शिवाय पोटात कावळे ओरडताहेत!"

"झाडावरही एक ओरडतोय," कासव म्हणाले. "त्याचं ऐकून झालं ना? आता इकडे बघ." ते आधी तळ्याच्या मधोमध उरलेल्या डबक्यात बुडाले. पिल्लाने दिसले तिथे चोच मारली. ती पाठीच्या बरीच वरून गेली. मग कासव सरकत सरकत उथळ पाण्यात येऊन बसले. पिल्लाने पुन्हा मारली. या वेळी चोच कवचाच्या कडेला चाटून गेली.

"चुकलो!"

"दोन्हीकडे सारखाच चुकलास का?"

पिल्लाने एकदा डबक्याकडे पाहिले, एकदा आपल्या पायांकडे. "नाही. पाणी खोल, तर फरक जास्त. पाणी उथळ, तर फरक थोडा. म्हणजे... इथे अगदी थोडंसंच खाली?"

"मला तसंच वाटतं. पण मला विचारू नकोस, माशाला विचार!"

पिल्लाने माशाला विचारले. पहिला सुटला. दुसरा चोचीत आला. आईच्या डोळ्यांत पाणी आले, आणि बाकीची पिल्ले चोची पुसत कासवापुढे रांगेत उभी राहिली. सूर्य कलेपर्यंत त्या बिचाऱ्याच्या पाठीवर टकटक चालू होती. संध्याकाळी थवा उडाला तेव्हा एकही पिल्लू मागे राहिले नाही.

नदीचे पाणी वेगळेच होते, वाहते आणि गढूळ. पिल्लू काठावर उतरले आणि मासे सोडून पाण्यातल्या एका गोट्याला चोच मारू लागले. नदीवरचे बगळे हसले. "अरे वेड्या, तो दगड आहे!"

"माहीत आहे," पिल्लू म्हणाले. "तो पळून जात नाही, म्हणून आधी त्याच्यावर चुकून घेतोय."

तात्पर्य : पाठ केलेले उत्तर एकाच पाण्यात चालते, चुकत चुकत समजून घेतलेले नव्या पाण्यातही उपयोगी पडते.