सशिणीच्या पानांच्या चपला

डोंगराच्या उतारावर एक विरळसे जंगल होते आणि तिथे एक सशीण राहत असे. गवताच्या दाट झुबक्यात तिने आपली तीन पिले लपवली होती. उन्हे कलली की दिवसातून एकदाच ती त्यांना दूध पाजायला जाई. तुम्ही म्हणाल, ही कसली आई? पण बाळांनो, सशांच्या घरची रीतच तशी आहे. आईच्या पावलांचा वास वाटेवर राहतो, आणि त्या वासावर नाक ठेवून कोल्हा थेट पिलांपाशी पोचतो. म्हणून सशीण पिलांपर्यंत चालत जातच नाही. वाटेवरच्या खडकावर ती थांबते आणि तिथून एक लांब उडी घेऊन बाजूच्या गवतात उतरते. माग तिथेच तुटतो. या उडीला ससे ‘तोड’ म्हणतात. आपल्या सशिणीची तोड साऱ्या उतारावर नावाजलेली होती. तिला त्याचा तोराही होता, नाही असे नाही. दुसऱ्या सशिणींच्या उड्या बघून ती हळूच नाक मुरडत असे.

त्या वर्षी उन्हाने कहर केला. वाटेवरचे दगड असे तापले की पाऊल टेकवत नव्हते. शेजारच्या साळूमावशीने पळसाची पाने एकावर एक रचून, आपल्याच अंगच्या काट्यांनी टाचून, वेलीचा अंगठा लावून चपला केल्या आणि एक जोड सशिणीला मागच्या पायांत घालायला दिला. “ओढ्यावर जायला-यायला आहेत हं या,” मावशी म्हणाली. “दिवसभर पायात ठेवू नकोस, बाई.”

सशिणीला वाटले, मावशीला पाने झिजायची काळजी आहे! तिने अगदी मनापासून सांगितले की मी त्यांना जिवापाड जपेन. आणि जपल्याही हो. पाने तडकू नयेत म्हणून ओढ्यावर ओल्या करायची, अंगठा सैल झाला की नवी वेल ओवायची. चपला मऊ होत्या, हलक्या होत्या, पटकन पायात सरकवता येत होत्या. मग काय, सकाळी घातल्या की झोपतानाच काढायच्या. पण त्यांना मागून कसलीच पकड नव्हती. निसटू नयेत म्हणून प्रत्येक पावलाला बोटे आवळून धरावी लागत, आणि ती आवळलेली आहेत हे सशिणीच्या ध्यानातही येत नसे.

थोड्याच दिवसांत सकाळी उठले की तिच्या टाचेत काटा रुतल्यासारखी कळ यायला लागली. जरा चालले की ती जायची. सशीण म्हणाली, जाऊ दे, झोपताना पाय अवघडला असेल. मग पोटऱ्या ताठ व्हायला लागल्या. तेव्हा तिने जमिनीला नावे ठेवली, कोरड्या गवताला ठेवली, बाळंतपणाला ठेवली, आणि सगळे संपल्यावर वयाला. चपलांवर मात्र तिचा एवढासाही संशय गेला नाही. उलट पाय दुखतात म्हणून ती त्या जास्तच घालू लागली. वेडीच म्हणायची, दुसरे काय!

इकडे तोड रोज थोडी थोडी आखूड होत होती. एके दिवशी तर सशीण गवताच्या अगदी कडेला कशीबशी पडली. हे तिने कोणाला सांगितले नाही. सांगणार कोणत्या तोंडाने? पण त्या दिवसापासून तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.  उद्या उडी पोचलीच नाही तर? हाच एक विचार तिला चरताना, पाणी पिताना, डोळे मिटताना कुरतडत राही.

आणि तो उद्या आलाच. सशीण खडकावर चढली, दूध दाटून आले होते, गवतात पिले वाट बघत होती. तिने मागे वळून पाहिले तर खालच्या वाटेवर कोल्हा. नाक जमिनीला लावून, काही घाई नसल्यासारखा, तिच्याच मागावर येत होता. तिने झटकन चपला काढल्या आणि मागचे पाय खडकावर रोवले. बोटे सरळ होईनात! पायात काही नव्हते, तरी ती काहीतरी धरून ठेवल्यासारखी आवळलेलीच होती. तेव्हा तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मावशीला पानांची काळजी नव्हतीच. पायांची होती.

कोल्ह्याने मान वर केली. “रोज तुझा माग याच खडकाशी हरवतो,” तो म्हणाला. “आज लंगडतेस वाटतं?”

 गवताकडे उडी घ्यावी आणि ती अर्ध्यात पडली, तर पिलांचा पत्ता तीच दाखवणार होती. तिने गवताकडे बघितलेसुद्धा नाही. ती उलटी फिरली आणि कोल्ह्याच्या नाकासमोरून खाली उतारावर धावत सुटली. तापलेले दगड तळव्यांना भाजत होते, टाचेतून कळा मस्तकात जात होत्या, आणि मागे कोल्ह्याचा श्वास ऐकू येत होता. शेवटी करवंदीची जाळी आली आणि ती तिच्यात घुसली. त्याच वेळी टाचेत काहीतरी तटकन तुटल्यासारखे झाले. कोल्हा जाळीभोवती घुटमळला आणि नाकाला काटे टोचून घेऊन निघून गेला. पिले त्या रात्री उपाशी राहिली, पण जिवंत राहिली. पुढे तोड जमेना, म्हणून सशिणीने त्यांना त्या जाळीतच आणून ठेवले आणि काट्यांतून अंग ओरबाडून घेत ती त्यांना पाजत राहिली.

पाऊस आला, गेला. टाच काही पूर्वीसारखी झाली नाही. पिले मोठी झाली आणि त्यांना तोड शिकवायची वेळ आली. सशीण खडकाशी बसून मान कशी ठेवायची, पाय कसे रोवायचे, सगळे सांगत होती. पिले भलतीकडेच उड्या मारत होती. शेवटी धाकटे म्हणाले, “आई, एकदा तू करून दाखव ना.”

सशीण जागची हलली नाही. जिच्या उडीला तिने आजवर नाक मुरडले होते, ती शेजारची सशीण खाली चरत होती. आईने तिला हाक मारली. “ताई, माझ्या लेकरांना जरा तोड दाखवतेस का?”

तात्पर्य : चार पावलांसाठी केलेली चप्पल दिवसभर पायात वागवू नये, आणि टाच दुखू लागली, तर वयाला आणि जमिनीला बोल लावण्याआधी पायात काय आहे ते बघावे.