आठ दिवस कोरं पान

डोंगराआड एक गाव होतं आणि त्या गावात एक प्रोग्रॅमर राहायचा. आई गेल्यापासून घरात तो एकटाच. सोबतीचे सगळे पोटापाण्यासाठी पांगलेले. त्यांच्या आठवणीने त्याचा जीव तुटायचा, पण आपणहून फोन करायचा म्हटलं की हात अडायचा. म्हणून त्याने एक वेब ॲप बांधलं. ते उघडलं की गावाचा पार, शाळा, तळं दिसायचं आणि खाली चार शब्द लिहायला जागा.

ॲप त्याने क्लाउडवर चढवलं, म्हणजे दूरच्या भाड्याच्या संगणकावर, कुठूनही उघडता यावं म्हणून. आपल्या संगणकावर पाहिलं, तर झकास दिसत होतं. मग लिंक सगळ्यांना पाठवली, सगळ्यात आधी जिवलग मित्राला.

एक दिवस गेला, आठ गेले. कुणी एक अक्षर लिहिलं नाही. 'विसरली माणसं आपल्याला,' म्हणत स्वारी तोंड फुगवून बसली. अन्न गोड लागेना. शेवटी ॲप बंदच करायचं त्याने ठरवलं.

त्या सकाळी दूधवाली आली. लिंक तिलाही गेली होती. त्याने मनात नसताना विचारलं, "मावशी, तुम्ही तरी बघितलं का?"

"बघितलं की." ती घुटमळली. "नुसतं पांढरं दिसतंय. पण तुम्ही एवढं खपून केलेलं, नावं कशी ठेवायची?"

"तुमचा फोन जुना असेल. माझ्याकडे छान दिसतंय."

"तुमच्याकडे दिसेल हो, माझ्याकडे नाही ना. हा घ्या फोन."

त्याला तिचा रागच आला. तरी त्याने फोन हातात घेतला. पान खरंच पांढरंफटक होतं.

मग तो शोधायला बसला. फोटो आणि मजकूर कुठून आणायचे, तो पत्ता त्याने स्वतःच्याच संगणकाचा दिला होता. ॲप क्लाउडवर गेलं आणि सामान घरीच राहिलं. त्यामुळे त्याला सगळं दिसायचं, बाकीच्यांना काहीच नाही. त्याने सामान वर चढवलं, पत्ता बदलला.

दुपारी मित्राने लिहिलं, "आज पार दिसला. आठ दिवस रोज उघडत होतो, रोज कोरं पान. काकू गेल्या तेव्हा मी आलो नाही, म्हणून तू मुद्दाम कोरं पाठवलंस असं वाटलं. विचारायचा धीर झाला नाही."

त्याने ते तीनदा वाचलं. त्याला रडू आलं. मग आई गेल्यापासून पहिल्यांदाच त्याने मित्राला आपणहून फोन लावला.

तात्पर्य काय, तर आपल्याला नीट दिसतं म्हणून समोरच्यालाही दिसत असेल, असं धरून चालू नये. आणि रुसण्याआधी एकदा विचारून बघावं.